मुक्या जिवांची ठेव

कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुप्पनंदाळ नावाचे एक लहानसे गाव लागते. तंजावरला १६७६ पासून भोसल्यांची गादी होती, त्यामुळे कावेरीच्या खोऱ्यातील हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. या गावच्या शिवालयाची एक कथा प्रसिद्ध आहे. ताटकै नावाची एक भक्त स्त्री देवाला हार घालू लागली आणि तेवढ्यात तिचे वस्त्र निसटू लागले. तिचे हात अडकलेले पाहून शिवलिंगानेच आपले मस्तक तिच्याकडे झुकविले. पुढे ते कललेले लिंग सरळ करण्यासाठी चोळ राजाने हत्ती जुंपले. परंतु हत्ती थकले, लिंग हलेना. अखेर कुंगिलिय कलय नायनार या भक्ताने दोरीचे एक टोक लिंगाला व दुसरे आपल्या गळ्याला बांधले आणि त्या ओढीसरशी लिंग सरळ झाले. बळाने जे साधत नाही ते स्नेहाच्या दोरीने साधते, असा या कथेचा अर्थ सांगतात. भेदरलेल्या, माणसाला पारख्या झालेल्या जनावराच्या बाबतीत तर तो अक्षरशः खरा आहे.

रस्त्यावर सापडलेले किंवा धन्याने टाकून दिलेले जनावर एखाद्या आश्रयगृहात पोहोचविले म्हणजे कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही आश्रयगृहे आपल्याकडे नवीन नाहीत. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. विसाव्या शतकात या कार्याला कायद्याचे बळ मिळाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत केलेल्या खटपटीचे फळ म्हणून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

परंतु आश्रयगृहाला एक स्वाभाविक मर्यादा असते. तेथे चारा मिळतो, औषध मिळते, भिंतीचा आडोसा मिळतो. घर मात्र मिळत नाही. आणि ज्या जनावराने पुढे कोणाच्या तरी घरी नांदावे अशी अपेक्षा आहे, त्याला घराची ओळख आधी व्हावी लागते. कुत्र्याचे पिल्लू साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला जन्मभर आपले वाटते. मांजरीच्या पिल्लाचा हाच काळ दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. हे दिवस पिंजऱ्यात गेले, तर पुढे पंख्याचा आवाज, पाहुण्याची चप्पल, मुलांचा गलबला या साऱ्यांची धास्ती त्या जिवाच्या मनात घर करते. शिवाय अनेक जनावरे एकत्र असली की पार्व्हो आणि डिस्टेंपर यांसारखे साथीचे रोग फैलावतात. ज्या वयात घराची सर्वांत अधिक गरज, त्याच वयात रोगाचे भयही सर्वांत अधिक, असा हा दुहेरी पेच आहे.

बाहेर राहणाऱ्या पिल्लांची स्थिती तर याहूनही शोचनीय असते. पश्चिम बंगालमधील रस्त्यांवरच्या ३६४ पिल्लांचे निरीक्षण करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील अवघी १९ टक्के पिल्ले वयात येईपर्यंत जगली. आपल्या देशात बहुतेक पिल्ले पावसाळा संपता संपता आणि हिवाळ्यात जन्मतात. कावेरीच्या खोऱ्यात नेमका त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो.

या पेचातून काढलेला मार्ग म्हणजे घरगुती सांभाळ. संस्थेने जनावर एखाद्या कुटुंबाच्या हवाली करावे, औषधपाण्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवावी आणि कायमचे घर मिळेपर्यंत त्या कुटुंबाने त्याचा प्रतिपाळ करावा, अशी ही रीत आहे. दत्तक आणि सांभाळ यांतील भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. दत्तक घेणारा त्या जिवाचा धनी होतो. सांभाळणारा केवळ विश्वस्त असतो.

सांभाळाला दयेइतकीच शिस्तही लागते. नव्याने आलेले जनावर घरातील इतर जनावरांपासून सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवावे. आईवेगळ्या तान्ह्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. त्याला नुसते गाईचे दूध पुरत नाही; कारण कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीच्या घरात असतात. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की लसींचा आरंभ करून ठरावीक अंतराने त्या पुन्हा टोचाव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. पोपट, मुंगूस, कासव यांसारखे वन्य जीव मात्र कितीही कळवळा आला तरी घरी ठेवू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे. असा जीव सापडल्यास वनखात्याच्या स्वाधीन करावा.

या सांभाळाचा आणखी एक लाभ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पिंजऱ्यातले जनावर कसे आहे हे संस्थेलाही नीटसे ठाऊक नसते. घरातले जनावर मात्र आपला स्वभाव लपवीत नाही. ते विजांच्या कडकडाटाला भिते काय, लहान मुलांत रमते काय, एकटे राहिले तर आकांत करते काय, हे सांभाळणारे कुटुंबच सांगू शकते. ही माहिती हाती असली की योग्य जनावराला योग्य घर मिळते आणि चार दिवसांनी ते परत येण्याचा प्रसंग सहसा टळतो.

खरी कसोटी लागते ती शेवटच्या दिवशी. हाताने भरविलेले, उशाशी झोपविलेले पिल्लू परक्याच्या स्वाधीन करणे सोपे नाही. ‘आता हे इथेच राहू दे’ असे घरात कोणी तरी म्हणतेच. त्यात गैर काही नाही. परंतु बहुधा त्या दिवशी एक घर मिळते आणि एक आश्रयस्थान मिटते. पहिलेच पिल्लू ठेवून घेणारे कुटुंब एका जिवाचे कल्याण करते; मन घट्ट करून देणारे कुटुंब वर्षाकाठी अनेक जिवांना उंबरठा ओलांडून देते.

दुसऱ्याचे जनावर विश्वासाने सांभाळण्याची रीत या भूमीला अपरिचित नव्हती. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या तंजावरच्या मोठ्या मंदिरातील शिलालेखांत तिची नोंद आहे. एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या, अथवा त्यांऐवजी ४८ गाई किंवा १६ म्हशी देत आणि त्या मेंढपाळांकडे सोपवीत. मेंढपाळाने कळप आपल्याकडे ठेवावा आणि रोज ठरलेल्या मापाचे तूप मंदिरात पोहोचवावे. म्हातारी जनावरे गेली तरी कळपाच्या वाढीतून संख्या कायम राखावयाची असल्यामुळे चोळांच्या लेखांत अशा मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ असे अर्थपूर्ण नाव आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून अर्धलीने शेळी पाळावयास देतात, त्यातही हाच विश्वास असतो. फरक इतकाच की त्या व्यवहारांत तुपाचा किंवा करडांचा वाटा ठरलेला असे. घरगुती सांभाळात हाती काहीच उरत नाही.

किंवा उरते ते वेगळ्या जातीचे असते. शाकुंतलातील कण्व कन्येला निरोप देताना व्याकूळ होतात, आणि ती गेल्यावर, ठेव ज्याची त्याला पोहोचली, या जाणिवेने त्यांचे मन निवते. सांभाळलेले पिल्लू नव्या घरी गेल्यावर कोपऱ्यातली त्याची वाटी घासून पालथी घालणाऱ्या माणसालाही तोच हलकेपणा लाभतो. दुसऱ्या पिल्लासाठी ती वाटी लवकरच पुन्हा उताणी होते.