स्ट्रिंग टेबल : क्रमांक निवृत्त करा, पुन्हा वाटू नका

विंडोजच्या लायब्ररीत वापरकर्त्याला दिसणारी वाक्ये कोडमध्ये न लिहिता, प्रत्येकाला क्रमांक देऊन स्ट्रिंग टेबलमध्ये का ठेवायची, हे मागच्या भागात आले. आता प्रश्न देखभालीचा. एखादा संदेश नकोसा झाला, तर त्याचा क्रमांक नव्या संदेशाला द्यावा का? माझ्या मते, लायब्ररी एकदा बाहेर गेली की कधीच देऊ नये. समजा, २००५ वर ‘फाइल सापडली नाही’ होते. ते काढून तिथे ‘फाइल कायमची पुसू का?’ बसवले. मराठी वाक्ये वेगळ्या डीएलएलमध्ये आहेत आणि ग्राहकाकडे तिची जुनीच प्रत राहिली आहे. लायब्ररी २००५ मागते, क्रमांकावरून वाक्य आणणारे लोडस्ट्रिंग हे फंक्शन बिनतक्रार जुने वाक्य देते. पडद्यावर ‘फाइल सापडली नाही’ आणि खाली ‘हो’, ‘नाही’ ही बटणे. वापरकर्ता वैतागून ‘हो’ दाबतो आणि फाइल जाते. चूक कुठेच नोंदली जात नाही. क्रमांक नवा असता, तर लोडस्ट्रिंगने शून्य परत केले असते आणि कोडला निदान मूळ इंग्रजी वाक्य दाखवता आले असते.

यावर पहिला आक्षेप काटकसरीचा: अशाने टेबलात भोके पडतील. पडू द्यात. टेबल सोळा-सोळा वाक्यांच्या गठ्ठ्यांत साठवले जाते. २००५ ला १६ ने भागले की भागाकार १२५, बाकी ५. गठ्ठे १ पासून मोजतात, म्हणून हे वाक्य १२६व्या गठ्ठ्यात. जागा मात्र शून्यापासून, म्हणजे आधीची पाच ओलांडून सहावी. प्रत्येक वाक्याआधी त्याची लांबी दोन बाइटांत लिहिलेली असते. रिकाम्या जागेची लांबी शून्य, खर्च तेवढेच दोन बाइट. हजार क्रमांक निवृत्त केले तरी दोन हजार बाइट; आजच्या एखाद्या आयकॉनला याहून जास्त लागतात. क्रमांक १६ बिटांचे, म्हणजे एकूण ६५,५३६च, पण ते संपवणारी लायब्ररी विरळाच.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनात इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते, मग क्रमांकांची उठाठेव कशाला? तिथे अर्थ बदलला की किल्लीही बदलते, जुने भाषांतर चिकटून राहत नाही, हे मान्य. पण मूळ वाक्यातला नुसता स्वल्पविराम दुरुस्त केला तरी किल्ली बदलते आणि प्रत्येक भाषेतले भाषांतर पुन्हा तपासावे लागते. क्रमांकांत शुद्धलेखन सुधारणे फुकटात होते; अर्थबदलाची राखण मात्र आपल्यालाच करावी लागते. रिसोर्स कंपायलर एकाच टेबलात दोनदा आलेला क्रमांक पकडतो. मागच्या आवृत्तीत त्याचा अर्थ काय होता, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून अर्थ बदलला तर नवा क्रमांक. वाक्यातल्या %१, %२ अशा जागांची संख्या बदलली तरीही नवाच, कारण जुन्या भाषांतराने दुसरी किंमत मागितली आणि कोडने एकच दिली, तर या जागा भरणारे फॉरमॅटमेसेज हे फंक्शन भलतीच मेमरी वाचू शकते. हेडर फाइलमधली जुन्या क्रमांकाची ओळ पुसू नये. तिच्यापुढे ‘निवृत्त’ अशी टिप्पणी आणि आवृत्तीचा क्रमांक लिहावा.