सायकलीच्या पोटातील तार

ज्या श्रोत्यांनी लहानपणी काळ्या रंगाची, जड फ्रेमची सायकल चालविली आहे, त्यांना तिचे सळईचे ब्रेक आठवत असतील. मूठ दाबली की एक सळई दुसरीला ओढी, दुसरी तिसरीला, आणि शेवटी रबराचे गुटके चाकाच्या कडेस भिडत. सारे कसे डोळ्यांसमोर असे. बिघाड कोठे झाला हे शाळकरी मुलासही बोट दाखवून सांगता येई. तोच मुलगा आज कार्बनच्या सायकलीपुढे उभा राहिला तर त्याला फारसे काही दिसणार नाही. हँडलावरील कळ दाबताच मागच्या चाकाजवळील साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर उडी घेते. परंतु कळीपासून चकतीपर्यंतची दीड-पावणेदोन मीटरांची वाट बहुतेक फ्रेमच्या पोटातून गेलेली असते.

खडीच्या रस्त्यासाठी घडविलेल्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखे वळविलेले हँडल, पण टायर रुंद आणि ब्रेक चकतीचे, अशी तिची ठेवण असते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली सुरू झालेली आणि आता अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने ओळखली जाणारी शर्यत म्हणजे या मंडळींची पंढरीच. तिचे प्रसिद्ध अंतर २०० मैलांचे, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरांचे, आणि रस्ता फ्लिंट हिल्स या टेकड्यांमधील चकमकीच्या दगडाच्या धारदार खडीचा. अशा ठिकाणी, वस्तीपासून दूर, गिअर एकाच चकतीवर अडकून बसला तर चढावर खाली उतरून सायकल ढकलीत नेण्यावाचून गत्यंतर नसते. आणि हा दोष पुष्कळदा मागच्या यंत्रात नसतोच. सायकल जोडीत असताना तो फ्रेमच्या पोटात राहून गेलेला असतो. म्हणूनच सुटी फ्रेम विकत घेऊन हौसेने सायकल जोडणाऱ्याने सर्वांत अधिक वेळ कोठे द्यावा, असे विचारले तर उत्तर एकच येईल: तार ओवण्यास.

ही तार म्हणजे बाउडनची तार. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन या आयरिश गृहस्थाने १८९६ साली तिचे पेटंट मिळविले. राले कंपनीचे सर फ्रँक बाउडन यांचे आडनाव तेच असल्यामुळे अनेकांनी या शोधाचे श्रेय त्यांना देऊन टाकले आहे, परंतु शोध अर्नेस्ट यांचाच. युक्ती साधी आहे. पोलादाची पीळदार तार एका लवचीक वेष्टनातून जाते. सायकल दुरुस्त करणारे तारेला इनर आणि वेष्टनाला आउटर म्हणतात. इनर जितक्या जोराने ओढली जाते तितक्याच जोराने आउटर दाबले जाते. म्हणजे पलीकडच्या टोकास जी हालचाल मिळते ती एकट्या इनरची नसून इनर आणि आउटर यांच्या लांबीतील फरकाची असते. हे एकदा नीट ध्यानात आले की पुढचे सर्व नियम आपोआप सुचत जातात.

पूर्वी ब्रेकचे आणि गिअरचे आउटर एकाच जातीचे असे: पोलादाची चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. ते वाकविले की बाहेरच्या अंगाचे वेढे एकमेकांपासून सुटतात आणि त्याची मध्यरेषेवरील लांबी किंचित वाढते. ब्रेकला एवढ्याने काही बाधत नाही. गिअरलाही बाधत नसे, कारण स्वार कळ अंदाजाने सरकवून साखळी जागेवर आणीत असे. शिमानो या जपानी कंपनीने १९८४ साली आपल्या ड्युरा-एस संचात ठरावीक टप्प्यांची कळ आणली. एक टिचकी म्हणजे एक चकती, अंदाजाचा प्रश्नच नाही. तेव्हा मात्र आउटरच्या लांबीतील हा चुकारपणा चालेनासा झाला. त्या दशकाच्या अखेरीस गिअरसाठी वेगळे आउटर प्रचारात आले. त्यात पोलादाच्या बारीक तारा लांबीच्या दिशेने उभ्या मांडलेल्या असतात, त्यामुळे वाकविले तरी त्याची लांबी बदलत नाही. त्याची जाडी सामान्यतः ४ मिलिमीटर, तर ब्रेकच्या आउटरची ५. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. उभ्या तारांचे हे आउटर ब्रेकला कदापि लावू नये. जोराचा ब्रेक दाबताच या तारा वेष्टन फोडून बाहेर पडतात आणि ऐन उतारावर ब्रेक निकामी होतो.

अचूकपणा किती हवा हे आकड्यांवरून कळेल. शिमानोच्या ११ चकत्यांच्या रोड संचात एका टिचकीला इनर सुमारे २.७ मिलिमीटर सरकते. मागचे यंत्र, ज्याला डिरेलर म्हणतात, ती हालचाल सुमारे १.४ पटीने वाढविते, आणि दोन शेजारच्या चकत्यांतील अंतर सुमारे ३.७ मिलिमीटर असते. वाटेत कोठे अर्धा मिलिमीटर जरी हरवला तरी साखळीपाशी ०.७ मिलिमीटरांची चूक होते, म्हणजे एका चकतीच्या वाटचालीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. इतक्यावर साखळी दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरू लागते.

आता घर्षणाकडे वळावे, कारण खरा शत्रू तोच. कोकण-गोव्याच्या धक्क्यावर होडी बांधताना नाखवा दोर खुंट्याभोवती दोन-तीन वेढे फिरवितो आणि एका हाताने होडी रोखून धरतो. हे बळ त्याच्या हाताचे नसून वेढ्यांचे. याचे गणित ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचे तात्पर्य असे की वळणे बेरजेने वाढतात, पण ओढ गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.१ धरला आणि तारेच्या वाटेवरील सर्व वळणे मिळून १८० अंश झाली, तर एका टोकास १०० एवढी ओढ पोचविण्यासाठी दुसऱ्या टोकास १३७ लागते. तीच वळणे ३६० अंश झाली की १८७. नाखव्याला जे हवे असते तेच सायकल जोडणाऱ्याला नको असते. या दृष्टीने पाहता वाटेवरचे अनावश्यक असे प्रत्येक वळण म्हणजे खुंट्याभोवतीचा एक वेढाच होय.

शिवाय कळ फक्त एकाच दिशेने ओढते. मोठ्या चकतीकडे जाताना स्वाराच्या अंगठ्याचा अथवा बोटाचा जोर असतो. लहान चकतीकडे परतताना मात्र डिरेलरच्या स्प्रिंगवर भिस्त, आणि सर्वांत लहान चकत्यांपाशी तर ही स्प्रिंग अगदी सैलावलेली असते. म्हणून सायकल मोठ्या चकतीवर झटकन जाते पण परतताना रेंगाळते, असे दिसले तर डिरेलरचे स्क्रू फिरवीत बसू नये. घर्षण वाटेत आहे हे समजावे.

कार्बनच्या फ्रेममधून ही वाट तीन प्रकारे जाते. काही फ्रेमांत नळीच्या आत बारीक नळी साच्यातच बसविलेली असते. तार एका टोकाने सारली की दुसऱ्या टोकाने निघते आणि जोडणारा सुखी होतो. काहींत आउटर भोकाशी थांबते आणि आतून नुसती इनर जाते. वजन व घर्षण दोन्ही कमी, पण धूळपाणी आत शिरण्याची भीती. तिसऱ्या प्रकारात कळीपासून डिरेलरपर्यंत अखंड आउटर आतून नेतात. खडीच्या व चिखलाच्या रस्त्यासाठी हा प्रकार उत्तम म्हणावा लागेल. त्यात आउटर पोकळ नळीवर आपटून खडखडते, म्हणून त्यावर फोमची मऊ पुंगळी चढवितात. ही पुंगळी आधी चढविली नाही तर मागाहून चढविता येत नाही, हे हौशी मंडळींना बहुधा पहिल्या फेरीतच, खडखडाट ऐकून कळते.

ओवण्याची पद्धत प्रत्येक घरात माहीत आहे: लेंग्याची नाडी. नाडी निघून आली की तिच्या टोकाला पिन लावून ती नेफ्यातून सरकवीत नेतात, येथेही तेच. फ्रेमच्या बाहेर एक जोरदार लोहचुंबक धरावयाचा आणि आत टोकाला लहान चुंबक बसविलेली वाटाडी तार सोडावयाची. कार्बन व त्याला सांधणारे रेझिन यांच्यावर चुंबकाचा प्रभाव पडत नसल्यामुळे ओढ भिंतीतून आरपार पोचते आणि वाटाडी तार बाहेरच्या चुंबकामागून निमूट चालू लागते. नुसती इनर अशी चालेलच असे नाही. गंजरोधक पोलादाच्या पुष्कळ इनर चुंबक धड धरीत नाहीत, म्हणून ही वेगळी वाटाडी तार. ती बाहेर आली की तिच्यामागे आउटर अथवा प्लास्टिकची बारीक पुंगळी ओढून घेतात. चुंबक नसेल तर दुसरीही युक्ती आहे. एका भोकाशी दोऱ्याचे टोक ठेवावे, बाकीची भोके चिकटपट्टीने बंद करावी आणि पलीकडच्या भोकाशी धूळ ओढणारे यंत्र लावावे. दोरा आपण होऊन बाहेर येतो.

हे सारे पुढचा चिमटा आणि पायडलांच्या आसाचे बेअरिंग बसविण्यापूर्वी करावयाचे. त्या दोन मोठ्या भोकांतून आत बोट अथवा आकडा घालता येतो, उजेड पाडता येतो. एकदा बेअरिंग ठोकून बसले की तो दरवाजा बंद झाला. ओवताना भोक लहान वाटले तर कानस किंवा गिरमिट चालविण्याचा मोह अनेकांना होतो. लोखंडी फ्रेमवर एखादे वेळी हे खपून जाईल, परंतु कार्बनच्या फ्रेमचे बळ अखंड तंतूंत असते आणि भोकाभोवती ते मुद्दाम दाट मांडलेले असतात. ते कापणे म्हणजे छपराचा वासा कापून खिडकी मोठी करणे.

तारा ओवून झाल्यावर त्यांचा एकमेकींना पीळ पडलेला नाही ना, हे पाहावे. खालच्या तिरक्या नळीतून गिअरचे आउटर आणि मागच्या ब्रेकची तेलाची नळी या दोन्ही जातात, शिवाय पुढेही डिरेलर असेल तर त्याचीही तार. परीक्षा सोपी आहे. एक ओढावी आणि दुसरी हलते का पाहावे. हलली तर बाहेर काढून पुन्हा ओवावी, कंटाळा करू नये. एकमेकींवरून एकदा जाणे वेगळे आणि पीळ पडणे वेगळे. किंबहुना ज्या फ्रेमला दोन्ही बाजूंस भोके असतात तिच्यात उजव्या कळीचे आउटर हँडलाच्या नळीपुढून डाव्या भोकात नेणे हितावह असते. वळण मोठे आणि सैल मिळते, आणि आत ते पुन्हा उजव्या बाजूस येते.

पायडलांच्या आसापाशी अधिक सावध राहावे लागते. तेथे आस सतत फिरत असतो. तार त्याला घासत राहिली तर आउटर झिजून आत इनर उघडी पडते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बेअरिंगभोवती प्लास्टिकचे वेष्टन येत असेल तर तारा त्याच्या बाहेरून, ताण घेऊन, नीट लागलेल्या असाव्या. बेअरिंग बसविण्यापूर्वी आत उजेड पाडून एकदा पाहिले की काम भागते.

आउटरची लांबी ठरविताना हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे. आखूड पडले तर वळणावर आउटर ताणले जाऊन गिअर आपोआप बदलू पाहतो, आणि लांब ठेवले तर फुकटचे वळण वाढते. डिरेलरजवळच्या शेवटच्या तुकड्याचे वळणही मोकळे हवे, कारण चिखलाचे पाणी उडते ते तेथेच. आउटर खास कात्रीनेच कापावे, साध्या पकडीने ते चेपते. मग टोक कानशीने सपाट करून, आतली मिटलेली पुंगळी दाभणाने उघडून, त्यावर टोपी बसवावी. टोपी सैल राहिली तर उभ्या तारा दाबाखाली हळूहळू तिच्यात घुसतात आणि आठ दिवसांपूर्वी जुळविलेला गिअर पुन्हा बिघडतो.

अलीकडे तारा हँडलच्या नळीच्या वरच्या बेअरिंगमधूनच आत नेण्याची पद्धत आली आहे. दिसावयास ती फार देखणी. परंतु तेलाची नळी असे अरुंद वळण सहन करते, गिअरची तार करीत नाही, आणि बेअरिंग बदलावयाचे झाले की अनेक फ्रेमांत ब्रेकची नळीही सोडवावी लागते. लांबच्या प्रवासास निघणाऱ्याने देखणेपणापेक्षा खालच्या नळीवरील साधी भोके पसंत करावी. स्रॅम कंपनीने २०१५ साली बिनतारी गिअर जाहीर केले, त्यात तर गिअरच्या तारेचा प्रश्नच उरत नाही. तरीही शिमानोने २०२३ साली आपल्या ग्रॅव्हल संचात १२ चकत्यांचा तारेवर चालणारा गिअर आणलाच. त्याला बॅटरी लागत नाही, आणि तुटलेली इनर रस्त्याच्या कडेला बसून बदलता येते.

ही इनर बदलताना जुनी तार ओढून काढण्याची घाई मात्र करू नये. फ्रेममध्ये आउटर अखंड असेल तर चिंता नाही, नवी इनर त्यातून सरळ जाते. आतून नुसती इनर गेलेली असेल तर प्रथम डिरेलरकडील टोक सोडवून त्यावरून प्लास्टिकची बारीक, लांब पुंगळी पुढच्या भोकातून बाहेर येईतो सारावी, मगच जुनी तार काढावी, आणि नवी तार त्या पुंगळीतून पाठवून पुंगळी काढून घ्यावी. इनर तुटते ती बहुधा कळीच्या आत, तिच्या डोक्यापाशी. एकेक पेड उसवत जातो आणि गिअर बदलताना हाताला खरखर जाणवू लागते. त्या वेळी, तार पुरती तुटण्याआधी, ती बदलली तर तुटके डोके कळीत अडकत नाही. आणि ज्या सायकलीला पुढचा डिरेलर नाही, तिच्या बैठकीच्या नळीमागचे रिकामे भोक रबरी बुचाने बंद करावयास विसरू नये. पावसाचे पाणी तेथूनच आत जाते आणि आसाच्या बेअरिंगपाशी साठून राहते.