कादंबरीतला दुसरा सूर

जेरुसलेमला जन्मलेले पॅलेस्टिनी विद्वान एडवर्ड सैद (१९३५–२००३) हे १९६३ पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाङ्मय शिकवीत. ते पियानोही उत्तम वाजवीत, आणि त्यांच्या वाचनाची रीत संगीतातूनच आली.

पाश्चात्त्य संगीतात दोन स्वतंत्र चाली एकाच वेळी चालतात. कान दोहोंकडे ठेवावा लागतो. कादंबरीही अशीच वाचावी, असे सैद यांनी १९९३ च्या 'कल्चर अँड इम्पीरिअलिझम' मध्ये सांगितले. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' (१८१४) मधील टापटिपीच्या वाड्याला अँटिग्वा बेटावरील मळ्याचा आधार आहे. अशा मळ्यांत राबत ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. नायिका फॅनी मावशीच्या यजमानांना गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते, तेव्हा घरात कोणी बोलत नाही. सैद यांनी त्या शांततेकडे लक्ष वेधले.

म्हणून ते पुस्तक टाकून द्यावे काय? मुळीच नव्हे. ऑस्टिनचे थोरपण सैद यांनी मान्यच केले.

संस्थानी गावातल्या आपणांस हा धडा परका नाही. माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या तनख्यामागे कोणत्या शेतकऱ्याचा सारा होता, हे विचारल्याने त्यांच्या गाण्याची गोडी उणावत नाही.