न दिसणाऱ्या दुखण्याचा जमाखर्च

आपल्या मराठीत दुखण्याला आणि दमण्याला शब्दांची ददात नाही. पोटात कळ येते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, फोड ठसठसतो, चालून चालून पायांना रग लागते, पावसात भिजलं की अंग मोडून येतं. दमण्याचंही तसंच. प्रवासाचा शीण असतो, लग्नघरातली दमणूक असते, आजारातून उठल्यावरचा अशक्तपणा असतो. या प्रत्येक शब्दामागे एक कारण आहे आणि कारण संपलं की दुखणंही संपेल असा भरवसा आहे. शीण झोपेनं जातो, रग तेल चोळल्यानं उतरते. पण रात्रभर झोपूनही सकाळी तसाच राहणारा शीण आणि काहीही न करता सगळ्या अंगाला लागलेली रग, यांच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही. शब्द नाही म्हणून घरात त्यांना जागाही नाही. माझ्याकडे ही दोन्ही दुखणी गेली पंधराएक वर्षं मुक्कामाला आहेत. त्यांची नावं परकी आहेत : फायब्रोमायाल्जिया आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम.

२०१० च्या पावसाळ्यात दहिसरच्या आमच्या इमारतीत घरोघरी ताप होता. मलाही आला आणि आठ दिवसांत गेला. तेव्हा मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होते. सकाळी दहिसरहून गाडी पकडून फोर्टातल्या शाखेत, संध्याकाळी परत, मग स्वयंपाक आणि रात्री साडेदहानंतर कादंबरीची दोन पानं, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. ताप गेला, पण अंगातली ताकद परत आली नाही. स्टेशनचा पूल चढून गेलं की पोटऱ्या थरथरत. वेणी घालताना हात वर धरवत नसे. कुणी मायेनं खांद्यावर हात ठेवला तरी कळ मस्तकात जाई. व्हाउचरवरचा आकडा वाचून लेजरकडे वळेपर्यंत तो मनातून पुसला जाई.

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या चाचण्या. सगळं नॉर्मल. बँकेत ताळेबंद जुळला की जीव भांड्यात पडतो; इथे मात्र प्रत्येक ‘नॉर्मल’बरोबर माझीच पत उतरत होती. एका डॉक्टरांनी ‘वय झालं, मन रमवा’ असं सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, दिसता तर छान!” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी दमायला सवडच नव्हती गं.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, त्यांचं आयुष्य खरोखरच तसं गेलं होतं. अडीच वर्षांनी एका संधिवाततज्ज्ञ बाईंनी पाऊण तास माझं ऐकून घेतलं आणि दोन्ही नावं कागदावर लिहिली. घरी येऊन नवऱ्याला पहिलं वाक्य मी म्हटलं ते हे : “त्याला नाव आहे.” पुढच्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

हे आजार आजकालचं फॅड आहे, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’, म्हणजे तंतूंचा दाह, असं नाव दिलं होतं. पुढे लोकांनी तो दाह शोधला, तर तो कुठेच सापडेना. तेव्हा नाव बदलून फायब्रोमायाल्जिया झालं. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं शरीरावरच्या १८ जागा ठरवल्या आणि त्यातल्या ११ दाबल्यावर दुखल्या तर हा आजार धरावा, असं सांगितलं. २०१० साली ही दाबादाबी मागे पडून दुखणं किती भागांत आहे, झोप, थकवा आणि स्मरण कसं आहे, हे विचारून निदान करण्याची पद्धत आली. म्हणजे रुग्णाचं म्हणणं हाच पुरावा ठरला. मेंदूचं काम चालताना दाखवणाऱ्या स्कॅनवर २००२ साली असं दिसलं की, निरोगी माणसाला ज्या दाबानं दुखेल त्यापेक्षा बऱ्याच कमी दाबानं या रुग्णांच्या मेंदूत वेदनेची तेवढीच खळबळ होते. रेडिओचा आवाज वाढवण्याची कळ वरच्या टोकाला अडकावी, तसं काहीसं. स्नायूंत बिघाड दिसत नाही, पण वेदना खरी असते.

दुसऱ्या आजाराची कथा अधिक बोलकी आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक विचित्र साथ आली. जवळजवळ तीनशे कर्मचारी आजारी पडले आणि हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. त्यात परिचारिका पुष्कळ होत्या. १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं चाळून हा सामूहिक उन्माद होता, असा निर्वाळा दिला. बायका जास्त आजारी पडल्या हे त्यांच्या दाखल्यांपैकी एक होतं! १९८८ साली अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव आलं. त्यानं ‘थकवा’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं आणि आजाराचं गांभीर्य मागे पडलं. अखेर २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं हा शरीराचा गंभीर आजार आहे असं स्पष्ट सांगितलं आणि त्याची ओळखीची खूण दिली : श्रमानंतर येणारी घसरण. थोडं जास्त काम झालं, अगदी डोक्याचं काम झालं तरी, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण कोसळतो.

हे सगळं गोऱ्या लोकांचं, सुखवस्तूंचं दुखणं, असंही मी ऐकलं आहे. तर मग आपल्याकडचं बघू. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर फिरले. चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली. त्यातल्या सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू, हाडं यांचं काही ना काही दुखणं होतं. त्या दुखणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं सांधे सुजवणाऱ्या संधिवातात बसत नव्हतं, की झिजेच्या संधिवातातही बसत नव्हतं. ते मऊ ऊतींचं किंवा नेमकं नाव न देता येणारं होतं. ही शेतात राबणारी माणसं होती.

गोव्यातला अभ्यास तर प्रत्येक घरानं वाचावा असा आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या १८ ते ५० वर्षांच्या २,४९४ बायकांशी बोलून, त्यांच्या तपासण्या करून, २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असलेल्या बायका निघाल्या १२.१ टक्के, म्हणजे दर आठ जणींत एक. या सगळ्यांना माझा आजार होता असं मुळीच नाही. पण थकव्याचं नातं कशाशी निघालं ते पाहा : कर्जाशी, घरातल्या उपासमारीशी, कमी शिक्षणाशी, नवऱ्याच्या जुलमाशी, मनाच्या क्लेशांशी. हिमोग्लोबिनशी मात्र नातं निघालं नाही. दमलेल्या बाईच्या हातावर लोहाच्या गोळ्या ठेवून आपण मोकळे होतो. गोळ्या जिला हव्यात तिला द्याव्यातच, पण तिला एकदा खाली बसवून विचारावंही.

आता या दुखण्यांबरोबर जगायचं कसं? इथे मला बँकेतली तीस वर्षं उपयोगी पडली. आमच्या वेळी चेक आज फाडला तरी खात्यातून रक्कम क्लिअरिंगमधून फिरून दोन-तीन दिवसांनी जाई. आज पासबुकात शिल्लक दिसते म्हणून खर्च करत सुटलेला खातेदार तिसऱ्या दिवशी अडचणीत येई. माझं शरीर नेमकं तसंच वागतं. सोमवारी बरं वाटतं, मी कपाट आवरते, आणि बुधवारी उठून चूळ भरणंही अशक्य होतं. म्हणून मी एक वही केली. डावीकडे काय केलं, किती वेळ. उजवीकडे त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी काय झालं. दोन महिन्यांत खर्चाचे दर समजले. उभ्यानं स्वयंपाक महाग, बसून भाजी चिरणं स्वस्त. स्टुलावर बसून अंघोळ केली तर थोडी बचत. गर्दीच्या लोकलनं अंधेरीला जाणं म्हणजे दोन दिवसांचं दिवाळं. २०२२ साली दहिसर पूर्वेहून मेट्रो सुरू झाली, तिथे लिफ्ट आहे, त्यामुळे तोच प्रवास निम्म्यात होतो. लग्नातलं दोन तासांचं हसून बोलणं मात्र आजही परवडत नाही.

याला डॉक्टर ‘पेसिंग’ म्हणतात. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२१ साली चिवट थकव्याच्या आजारासाठी ठरावीक मापानं वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नये, असं सांगितलं आणि शक्ती जपून वापरण्यावर भर दिला. नुसत्या फायब्रोमायाल्जियासाठी मात्र हळूहळू केलेला, झेपेल तेवढा व्यायाम हाच सर्वांत भरवशाचा उपाय मानला जातो. दोन्ही आजार असलेल्यांनी काय करावं? माझ्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं : वहीत विचारून पावलं टाकायची. मी घरातल्या घरात पाच मिनिटं चालते. तिसऱ्या दिवशी वही कुरकुरली नाही तर सहा मिनिटं करते, कुरकुरली तर चारवर येते. अमिट्रिप्टिलिन, प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधं आहेत. ती काहींना थोडा उतार देतात, मुळापासून बरं करत नाहीत. स्टिरॉईडचा यात उपयोग नाही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. थकवा म्हणजे हाच आजार, असं कुणीही घरी बसून ठरवू नये. वजन उतरणं, रेंगाळणारा ताप, सांध्यांची सूज, एका बाजूचा अशक्तपणा यांतलं काही असेल तर आधी तपासणी.

वहीचा दुसरा उपयोग मला अपेक्षित नव्हता. निवृत्तीनंतरच्या वर्षी गौरी-गणपतीत मी पहिल्या पंगतीनंतर जाऊन पडले. नणंदबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या, “वहिनींना लिहायला बरी ताकद असते!” त्यानंतर दोन वर्षं त्या आमच्याकडे आल्या नाहीत. नवरा तेव्हा मध्ये पडला नाही. त्याचाही विश्वास अर्धाच होता, हे मला ठाऊक होतं. एका रविवारी त्यानं माझी वही मागून घेतली आणि पेन्सिल घेऊन दुपारभर वाचत बसला. संध्याकाळी एवढंच म्हणाला, “प्रत्येक वेळी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी.” मग त्यानं बहिणीला फोन लावला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी वन्स आल्या आणि पहिल्या दिवशीच म्हणाल्या, “तुम्ही बसून नुसतं सांगा, करायला आम्ही आहोत.”

सगळ्यांच्या नशिबी असं होत नाही. या आजारांना सुजेचा, पट्टीचा, कुबडीचा आधार नसतो. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आली, त्यांत या दोन्हींचं नाव नाही. नोकरी करणाऱ्या मुलीनं रजा मागायची तर कशाच्या दाखल्यावर? कोविडनंतर मात्र थोडा फरक पडला आहे. संसर्ग गेल्यावर महिनोन्महिने न उठणारी धडधाकट माणसं घरोघरी दिसली, तेव्हा ‘ताप गेला पण ताकद आली नाही’ हे माझं जुनं वाक्य लोकांना प्रथमच नीट ऐकू आलं.

१२ मे हा दिवस या आजारांच्या जागृतीसाठी पाळतात. तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. क्रिमियाच्या युद्धात तिला ताप आला आणि पुढची कित्येक वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. तिला नेमकं काय झालं होतं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ब्रुसेलोसिस असावा असं काही म्हणतात. पण त्याच अंथरुणातून, इथे एकदाही न येता, तिनं हिंदुस्थानातल्या सांडपाण्यावर आणि सैनिकांच्या आरोग्यावर अहवाल लिहिले. तिचं उदाहरण रुग्णांना ‘बघ, ती कशी लढली’ असं सुनावण्यासाठी वापरू नये. तिच्या दिमतीला माणसं होती, आणि ती भेटायला येणाऱ्यांना सरळ परत पाठवत असे. आपल्याकडच्या बाईला पाहुण्यांना परत पाठवता येत नाही.

मी अजून लिहिते. वीस मिनिटांचं घड्याळ लावते, पात्रांची नावं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवते, कारण मधेच ती आठवत नाहीत. पूर्वी रात्रीत होणाऱ्या दोन पानांना आता आठवडा लागतो. नातवाला सकाळी शाळेच्या बसपर्यंत सोडलं तर त्या दिवशी लिखाण नाही. लिहिलं तर संध्याकाळी त्याच्याबरोबर पत्ते नाहीत. रोज यातलं एक निवडावं लागतं आणि दुसऱ्याची हुरहूर दिवसभर राहते. याची सवय होते असं म्हणवत नाही.

तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात असं कुणी असेल तर त्यांना आयुर्वेदातला अमुक काढा किंवा तमक्या बाबांचा पत्ता देण्याआधी एक करा. ‘बरं वाटतंय का?’ असं विचारू नका. त्यावर ‘हो’ म्हणण्यावाचून त्यांना गत्यंतर नसतं. माझा सात वर्षांचा नातू विचारतो तसं विचारा : “आजी, आज किती शिल्लक आहे?” उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर तो पत्ते ठेवून देतो, माझ्या खोलीतला दिवा घालवतो आणि दार हळूच ओढून घेतो.