तेल पाचवर, कलप अठरावरच

सोमवार, 22 सप्टेंबर 2025. घटस्थापना. सकाळचे पावणेदहा वाजले होते आणि पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, तीन फोन एकदम वाजत होते.

पहिला बँकेचा, व्यवसाय कर्ज हवं का विचारणारा. दुसरा बारामतीच्या स्टेशनरीवाल्याचा: पैसे भरले, लायसन्स की आली नाही. तिसरा फलटणच्या एका किराणा दुकानातून. "मॅडम, केसांचं तेल पाच टक्क्यांवर आलं ते बरोबर. पण कलप पण पाचच दाखवतोय. तो पण कमी झाला का?"

हा तिसरा प्रश्न ऐकून फोनवरच्या ताई उभ्याच राहिल्या.

हे फोन जिथे वाजत होते, ती कंपनी चौघांची. छोट्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करायचं, विकायचं आणि तेच दुरुस्तही करायचं. कंपनी या ताईच चालवतात आणि त्या स्वतः प्रोग्रॅमर आहेत. दुसरा एक प्रोग्रॅमर, सपोर्टचे फोन घेणारी एक मुलगी आणि अर्धा दिवस येणारे हिशेबनीस काका, एवढाच कारभार. ऑगस्टमध्ये त्यांनी ठरवलं होतं की घटस्थापना ते दसरा सवलत द्यायची. वार्षिक नूतनीकरण सहा हजारांऐवजी साडेचार हजार, वर जीएसटी. दसऱ्याला दुकानदार नवीन काही घेतो, त्यामुळे वर्षातली सर्वांत मोठी विक्री या दहा दिवसांत होते.

मग 3 सप्टेंबरच्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतांशी जाणार, बराचसा माल 5 किंवा 18 टक्क्यांत बसणार आणि हे सगळं लागू होणार 22 सप्टेंबरपासून. म्हणजे नेमकं सवलतीच्या पहिल्या दिवशी! साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 वर. तूप, लोणी, फरसाण 12 वरून 5 वर. वह्या 12 वरून शून्यावर. मधे एकोणीस दिवस होते, त्यांत अनंत चतुर्दशी आणि 20 तारखेची विवरणपत्राची मुदत. ती मुदत म्हणजे दुकानदारांच्या फोनचा महिन्यातला सर्वांत गर्दीचा दिवस.

सवलत पुढे ढकलावी असं कुणीही म्हणालं असतं. पण पुढच्या तीन महिन्यांचे पगार याच दहा दिवसांवर उभे होते.

आता कलपाचं. बिलात प्रत्येक मालाला एचएसएन नावाचा कोड असतो. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला त्यातले चारच आकडे पुरतात, त्यामुळे छोट्या दुकानांच्या यादीत चारच भरलेले असतात. केसांचं तेल 3305, शाम्पू 3305 आणि केस काळे करायचा कलपही 3305. दर उतरले ते तेलाचे आणि शाम्पूचे. कलप अठरावरच राहिला. दातांच्या 3306 मध्येही तीच गत: टूथपेस्ट पाचला, माउथवॉश अठरालाच. ताईंनी केलेल्या ‘दर बदला’ या पडद्यावर मालाची यादी समोर येई आणि एकेक तपासून खूण करायची सोय होती. पण दुकानात गिऱ्हाईक उभं असताना चारशे नावं कोण तपासणार? फलटणच्या दुकानदारानं ‘सगळे निवडा’ दाबलं होतं. तसं आणखी किती जणांनी दाबलं असेल, हा विचार ताईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

फोन वाजला तेव्हा त्या वेगळ्याच कामात गुंतल्या होत्या: परत आलेल्या मालाच्या पडद्यात. समजा, 20 तारखेला 118 रुपयांची तेलाची बाटली विकली. त्यात 18 रुपये कर. 22 नंतर गिऱ्हाइकानं ती परत आणली तर त्याला 118 रुपयेच परत द्यायचे, पण कर मात्र जुन्या दरानं वजा व्हायला हवा. सॉफ्टवेअर तो दर मूळ बिलातून न घेता मालाच्या यादीतून, म्हणजे नवा पाच टक्के घेत होतं. मग वजा होणारा कर निघे 5 रुपये 62 पैसे. उरलेले 12 रुपये 38 पैसे दुकानदाराच्या खिशातून. दुरुस्ती वरवर सोपी, पण मूळ बिल शोधायचं, एकाच बिलात जुना-नवा माल मिसळला असेल तर वेगळा करायचा, बिलच हरवलं असेल तर काय ते ठरवायचं... हे सगळे धागे एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात, आणि फोनची एक घंटी ते विस्कटून टाकते.

ताई फोन उचलण्याआधी एक गोष्ट न चुकता करतात. शेजारच्या पाठकोऱ्या कागदावर अर्धं वाक्य लिहितात. त्या सकाळी लिहिलं होतं: ‘परत माल – बिल नं. नसेल तर तारखेवरून दर’. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामाचा अंश मनात मागे रेंगाळतो आणि पुढच्या कामाला पुरतं लक्ष मिळत नाही. नंतरच्या एका अभ्यासात त्यांना असंही आढळलं की परत आल्यावर कुठून सुरू करायचं हे उठण्यापूर्वी पटकन टिपून ठेवलं, तर मन मोकळं होतं. ताईंनी हा अभ्यास वाचलेला नाही. सपोर्टचे फोन त्या स्वतः घ्यायच्या, त्या दिवसांत त्यांना ही सवय लागली.

त्या दिवशी दुपारपर्यंत काय काय आलं, ते पाहण्यासारखं होतं. व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या मोबाइलनं काढलेले कॉम्प्युटरच्या पडद्याचे तिरके फोटो. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, ज्यात दुकानाचं नाव नाही. भरणारा मुलगा किंवा मेहुणा. मग काका बारा आकडी व्यवहार क्रमांक बँकेच्या उताऱ्यात शोधत बसत. कुणी साडेचार हजार भरले आणि जीएसटीचे 810 राहिले. सवलतीचा एसएमएस अडकला, कारण डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत, मंजूर झालेल्या मजकुरापेक्षा त्यात एक शब्द जास्त पडला होता. कराडच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये एनीडेस्कनं दुरूनच शिरल्यावर कळलं की सॉफ्टवेअर ठीक आहे, थर्मल प्रिंटरचा कागद उलटा बसवलाय. खाली सोसायटीच्या टाकीचं पाणी संपलं. मंडपवाला दार वाजवून गेला.

यातलं प्रत्येक काम खरं होतं, म्हणूनच त्यातल्या कशालाही नुसतं ‘व्यत्यय’ म्हणून बाजूला सारता येत नाही. मोठ्या कंपनीत हे फोन गाळत गाळत प्रोग्रॅमरपर्यंत पोचतात. इथे गाळणी एका बावीस वर्षांच्या मुलीची, आणि ती पाहता पाहता तरबेज झाली होती. "ताई, हा प्रिंटरवाला आहे, मी बघते. पण हा फलटणचा तुम्हीच घ्या, काहीतरी वेगळं बोलतोय." कर्जाचा फोन आणि कलपाचा फोन, घंटी सारखीच. त्या दोघांमधला फरक तिनं आवाजावरून ओळखला, आणि माझ्या मते त्या दिवसाचं सर्वांत कसबी काम तेच होतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक प्रयोग मांडला होता. ज्यांना मधे मधे अडवलं, त्यांनी काम उलट लवकर संपवलं. पण ताण, चिडचिड आणि दमछाक जास्त नोंदवली. ताईंचंही तसंच होताना दिसलं. दर फोननंतर बोटं आणखी वेगानं चालत. साडेअकराला पहिला चहा आला तो तसाच गार झाला.

एक व्यत्यय मात्र बाहेरून येत नव्हता. विक्रीचा आकडा. किती जणांनी नूतनीकरण केलं हे दाखवणारं पान एका कोपऱ्यात उघडं होतं, आणि दर काही मिनिटांनी नजर तिकडे जाई. आकडा वाढला तरी काम तुटे, थांबला तर जास्तच. अकराच्या सुमारास ताईंनी ते पान बंद केलं आणि काकांना सांगितलं, "काका, मला संध्याकाळी सातला एकदाच सांगा." सात वाजेपर्यंत त्यांनी दोनदा विचारलं. काकांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली.

कलपाची दुरुस्ती आधी झाली. नव्या पडद्यावर 3305 आणि 3306 मधला माल एकगठ्ठा बदलता येत नाही. नावात डाय, कलर, कलप असं काही दिसलं की ती ओळ पिवळी होते आणि दुकानदाराला वेगळं विचारलं जातं. दुपारी दीडला ती आवृत्ती बाहेर गेली. मग ज्यांनी सकाळी ‘सगळे निवडा’ केलं होतं, त्या प्रत्येक दुकानाला मुलीनं स्वतःहून फोन लावला. सवलतीबद्दल एक शब्दही न काढता.

परत मालाचा पडदा रात्री साडेनऊला पुरा झाला. ताईंनी 20 तारखेचं एक बिल घातलं, एक बाटली परत केली. कर 18 रुपये. बिल नंबर पुसून पुन्हा केलं, 18 रुपयेच. पाठकोऱ्या कागदावरच्या अर्ध्या वाक्यावर त्यांनी रेघ मारली आणि फलटणला फोन लावला. दुकान बंद करायची वेळ होती, मागे शटरचा आवाज येत होता.

"दादा, एकदा कलपाचं बिल करून बघता का?"

"थांबा हं मॅडम." बराच वेळ नुसता कीबोर्ड वाजला. "अठरा."