प्रकाशलहरींचा मेळ आणि त्याचा भंग

इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर डिझेलचा थेंब सांडला, तर पाण्यावर रंगीत पट्टे उमटतात. तेलाच्या पातळ थराच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून काही रंग उजळतात, काही मावळतात. यास व्यतिकरण म्हणतात. बारामतीच्या एखाद्या शाळेत साबणाच्या फुग्यावरही शिक्षकांना ते दाखविता येईल.

नवल पुढेच आहे. १९८६ साली फ्रान्समध्ये एका वेळी एकच प्रकाशकण सोडून प्रयोग झाला, तरीही अनेक कणांच्या नोंदी साचल्यावर व्यतिकरण दिसले. कणापुढे दोन वाटा होत्या. तो कोणत्या वाटेने गेला, याची खूण मात्र कोठेही उरली नव्हती. अशी खूण भोवतालात उरली की पट्टे पुसट होतात. व्हिएन्नात २००४ साली कार्बनचे मोठे रेणू तापविले असता त्यांनीच उत्सर्जित केलेल्या प्रकाशाने ही चुगली केली आणि पट्टे विरले! पाहणारा माणूस तेथे असावाच लागत नाही.

केंद्र शासनाने २०२३ साली ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. क्वांटम संगणकाच्या मार्गातील मोठी अडचण हीच: किंचित उष्णता किंवा कंपनही त्याच्या गणिताचा मेळ मोडते.