पुढचा शब्द ओळखा पाहू!

‘कृपया माझा दोन दिवसांच्या रजेचा अर्ज मंजूर...’ पुढचा शब्द? ‘करावा’! डोकंसुद्धा खाजवावं लागलं नाही ना? शाळेपासून असे अर्ज इतके वाचलेत, की शब्द आपोआप तोंडात येतो. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड ही सगळी मंडळी मुळात हेच करतात. त्यांचं वाचन तेवढं आपल्यापेक्षा अफाट!

मजकुराचे ते छोटे तुकडे पाडतात. त्यांना म्हणतात टोकन. आतापर्यंतचे तुकडे बघून पुढे कुठला येण्याची शक्यता जास्त, याचा हिशेब होतो. एक निवडला, जोडला, की पुन्हा हिशेब. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मांडली आणि मजकुरातले लांबलांबचे शब्दही या हिशेबात नीट धरता येऊ लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हा सगळा फंडा थेट आपल्या डेस्कवर पोहोचला.

पण यार, शक्यता म्हणजे सत्य नव्हे! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने सुचवलेले जुने निकाल जोडले. नावं, तारखा, कोर्टं, सगळं चकाचक. फक्त ते निकाल कधी लागलेच नव्हते! दंड झाला पाच हजार डॉलर. यंत्र मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. निकालाचा संदर्भ कसा ‘दिसतो’ हे त्याला पाठ होतं, त्या साच्यात त्याने शब्द भरले. भरणारं यंत्र आणि सही वकिलांची.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. जे मला स्वतःला तपासता येतं, ते काम त्याच्याकडे. चाळीस मेल्सच्या साखळीचा पाच ओळींत सारांश, एक्सेलचा अडलेला फॉर्म्युला, संतापून लिहिलेल्या मेलला जरा सभ्य चेहरा... बिनधास्त! मूळ मजकूर आपणच दिला, तर थापा बऱ्याच कमी होतात, तरी आकडे मी एकदा डोळ्याखालून घालतेच. ‘या विषयावरचे पाच अहवाल सांग’ असं विचारलंत, तर मात्र प्रत्येक अहवाल उघडून बघा. आणि क्लाएंटची गोपनीय फाइल? कंपनीची परवानगी नसेल तर अजिबात नको. सॅमसंगच्या इंजिनीअर्सनी आपला कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं, तेव्हा २०२३ मध्ये कंपनीने अशा टूल्सवर चक्क बंदीच घातली होती.

मराठीत चालतं का? मस्त चालतं. पण यांच्या वाचनात इंग्रजीचाच भरणा, त्यामुळे मराठी मेलही कधीकधी इंग्रजी सूटबूट घालून येतो. ‘मला आशा आहे की हा ईमेल तुम्हाला चांगल्या स्थितीत सापडेल.’ हे बॉसला पाठवलंत, तर रजा नक्की मंजूर होईल. तीही आजारपणाची!